पैसे पूर्ण, सेवा अर्धी

टॉकबॅक सुरू केलेला फोन बोट पडेल त्याचं नाव वाचून दाखवतो: ‘शोधा’, ‘कार्ट’, ‘पैसे भरा’. अंध माणूस त्यावरच सगळे व्यवहार करतो. पण ही नावं अ‍ॅप बनवणाऱ्याने प्रत्येक बटणाला आतून जोडून ठेवायची असतात. जोडली नसतील तर फोन नुसतं ‘बटण’ म्हणतो; पुढच्या चिन्हावर बोट नेलं तरी ‘बटण’च. यातलं कोणतं दाबल्यावर खात्यातून पैसे जातील आणि कोणतं दाबल्यावर ऑर्डर रद्द होईल, हे कळायला मार्ग नाही. मग शेजारच्या कुणाला तरी हाक मारायची, फोन त्याच्या हाती द्यायचा आणि पिनही सांगायचा. ‘पिन कुणालाही सांगू नका’ असे संदेश बँका पाठवतात आणि तो सांगावा लागेल अशी अ‍ॅपही बाजारात आणतात.

हे भांडण एकदा भांडून झालेलं आहे, म्हणून ते अधिक बोचतं. ‘तुमची फसवणूक होईल’ असं कारण पुढे करून अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारण्याची बँकांची जुनी रीत होती. ४ जून २००८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ती बंद करायला सांगितली. पुढच्याच वर्षी, नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलकी आणि ब्रेल कळांची असावीत, अशी सूचना आली. २०१२ मध्ये युनियन बँकेचं बोलकं एटीएम अहमदाबादला सुरू झालं. त्यामागे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्राचाही हात होता. एवढं होईपर्यंत बँक फोनमध्ये शिरली आणि काउंटरवर मिळवलेला हक्क काउंटरवरच राहिला.

कायदा नाही असं मुळीच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४६ मध्ये सरकारी सेवा देणाऱ्यांबरोबर खासगी सेवा देणारेही येतात. सुगम्यतेच्या नियमांनुसार सेवा द्यायला त्यांना दोन वर्षांची मुदत होती. अडलं ते नियमांपाशी. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र केवळ शिफारस करतात. असा नियम टिकणार नाही. तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा, असा आदेश सरकारला मिळाला. दंडाची रक्कमही पाहण्यासारखी आहे: पहिल्या उल्लंघनाला जास्तीत जास्त १० हजार रुपये. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला तेवढ्याने काय फरक पडणार?

३० एप्रिल २०२५ चा निकाल याहून थेट आहे. अ‍ॅसिड हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिका केवायसीबद्दल होत्या. कॅमेऱ्यासमोर पापणी हलवा, चेहरा चौकटीत आणा, काही सेकंदांत ओटीपी टाका. ज्याला हे जमत नाही, त्याचं खातं उघडत नाही. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला आणि २० निर्देश दिले. पापणी हलवण्याला पर्याय द्या, अंगठा स्वीकारा, कागदी केवायसी चालू ठेवा, सुगम्यतेचं ऑडिट करून घ्या, हे त्यातले काही.

तरीही मला वाटतं, रोजच्या वापराचं हत्यार ग्राहक कायद्यात आहे आणि आपण ते पुरेसं उचललेलं नाही. २०१९ च्या कायद्यातली ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या वाचा. अन्य कोणत्याही कायद्याने राखायला सांगितलेला दर्जा सेवेत राखला नाही, तर तीही त्रुटीच. दिव्यांग कायदा दर्जा सांगतो आणि ग्राहक कायदा तो न राखल्याचा जाब विचारतो. अंध ग्राहक तिकिटाचे, विम्याचे, डिलिव्हरीचे पैसे इतरांएवढेच मोजतो. मग त्याची तक्रार सवलतीचा अर्ज म्हणून का हाताळायची?

खर्चाची सबब जगभर दिली जाते. सिडनी ऑलिंपिकच्या आधी ब्रूस मॅग्वायर या अंध प्रेक्षकाने आयोजकांच्या वेबसाइटविरुद्ध तक्रार केली. चित्रांना शब्दवर्णन नव्हतं, निकालांचे तक्ते वाचता येत नव्हते. दुरुस्तीला वर्षाहून अधिक काळ आणि वीस लाखांहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील, असं आयोजकांचं म्हणणं होतं. तज्ज्ञांच्या साक्षीप्रमाणे ते काम काही आठवड्यांचं आणि त्याच्या अगदी थोड्या खर्चाचं होतं. ऑगस्ट २००० मध्ये मानवी हक्क आयोगाने मॅग्वायर यांच्या बाजूने निर्णय दिला. आदेश पूर्ण पाळला गेला नाही, म्हणून पुढे २० हजार डॉलरची भरपाईही देववली.

आपल्याकडे ग्राहक आता स्वतःच्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही; आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते. तक्रारीत ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच लिहू नये. अ‍ॅपची आवृत्ती, कोणता स्क्रीन, कोणतं बटण मुकं, त्यावर स्क्रीन रीडर नेमकं काय बोलला, हे लिहावं आणि फोनचं रेकॉर्डिंग जोडावं. मागणी करताना भरपाईवर थांबू नये. सेवेतली त्रुटी दूर करा, असा आदेश देण्याचा अधिकार कलम ३९ ने आयोगाला दिलेला आहे. तोच आदेश मागावा, कारण ते बटण एकदा बोलू लागलं की त्या अ‍ॅपवरच्या प्रत्येक अंध ग्राहकाशी बोलेल.