आधी वेग, मग रेषा

१९३५ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत, पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँटला, गोल्फपटू जीन सॅराझेनचा एक पट, म्हणजे होलकडे घरंगळवलेला चेंडू, होल सोडून पुढे गेला आणि ग्रीनवरून उतरून थेट बंकरमध्ये पडला. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिम्पसन होता. हे ग्रीन वाजवीपेक्षा वेगवान आहे असं त्याला वाटलं आणि ते मोजायला त्याने एक साधी, खाच असलेली पट्टी बनवली. पट्टी ठरावीक कोनात उचलली की चेंडू खाचेतून घरंगळतो. सपाट ग्रीनवर तो जितके फूट जाईल, तितका त्या ग्रीनचा वेग.

दहा फूट वेगाचं ग्रीन घ्या आणि त्यावर २ टक्के उतार, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर. डोळ्याला जेमतेम कळतो. पण हिशोब केला तर पट्टीवरून सुटलेला तोच चेंडू उताराने साडेतेरा फुटांच्या आसपास जातो, चढाला मात्र आठ फुटांतच थांबतो.

आता हाच उतार आडवा आला, तर? तो चेंडूला सतत खालच्या बाजूला ओढत राहतो. चेंडू जितका संथ, तितका जास्त वेळ त्या ओढीत सापडतो. दहा फुटांवरून होलच्या काठाशी जेमतेम पोचेल असा मारला, तर तो सरळ रेषेपासून सुमारे ३९ सेंटिमीटर वळतो. चुकल्यास १७ इंच पुढे जाईल एवढा जोर लावला, तर सुमारे २७. त्यामुळे ‘नेम कुठे धरू?’ हा प्रश्न वेग ठरवण्याआधी विचारण्यात काही अर्थ नाही.

मग वेग किती? होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा साधारण ४३. संथ चेंडूला होलची जवळजवळ पूर्ण रुंदी मिळते, तो कडेनेही आत पडतो. वेग वाढतो तशी ही रुंदी आक्रसत जाते, आणि सेकंदाला सुमारे १.६ मीटरच्या पुढे मधोमध आलेला चेंडूसुद्धा उडी मारून पलीकडे जातो. चुकल्यास चेंडू १७ इंच पुढे जावा, हा सल्ला डेव्ह पेल्झ या प्रशिक्षकाचा. होलभोवतीची जमीन पावलांनी उंचसखल झालेली असते, तिथे अगदी संथ झालेला चेंडू भरकटतो, हे त्यामागचं कारण. चढाला मी तो डोळे झाकून मानेन. उताराला नाही, तिथे परतीचा पट फार महागात पडतो.

रेषा बघायची ती होलच्या खालच्या बाजूने. होलपाशी पाणी ओतलं तर ते कुठे वाहील, हे ठरवा. चेंडू त्याच रेषेवर असेल तर सरळ मारा. नसेल तर शेवटच्या तीन-चार फुटांकडे नीट बघा, कारण चेंडू सर्वांत संथ तिथेच असतो.

नवखे खेळाडू नेम धरतात तो वळणाच्या दिसणाऱ्या माथ्यावर. पण चेंडू पटर सोडताच खाली झुकू लागतो. माथ्यावर रोखलेला चेंडू माथ्यापर्यंत पोचतच नाही. नेम त्याच्याही वर धरावा लागतो.