जोडाशेजारचा गंज

वेल्डिंग केलेली स्टेनलेस स्टीलची टाकी कधी कधी नेमकी जोडालगतच्या पट्ट्यात गंजते. असं का? या पोलादाला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. त्यासाठी किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. '३०४' प्रतीत ते सुमारे १८ टक्के असतं. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडालगतचा धातू साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळला, की स्फटिककणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड तयार होतं. सीमेलगतचं क्रोमियम त्यात खर्ची पडतं, तिथला थर दुबळा होतो आणि गंज सीमांच्या वाटेनं आत शिरतो. म्हणून वेल्डिंगसाठी कार्बन जेमतेम ०.०३ टक्क्यांपर्यंत राखलेलं '३०४ एल' निवडतात, किंवा '३२१' घेतात. त्यातलं टायटॅनियम कार्बनला आधीच बांधून ठेवतं.