वर्धमान पिप्पली, रक्तातील मात्रा आणि आपले प्रशिक्षण

औषध शरीरात गेल्यावर दोन प्रश्न उपस्थित होतात. शरीर त्या औषधाचे काय करते, हा पहिला. औषध शरीरावर काय घडवते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या शास्त्रास फार्माकोकायनेटिक्स अर्थात औषधगतिशास्त्र म्हणतात, तर दुसऱ्याचा विचार करणाऱ्यास फार्माकोडायनॅमिक्स अर्थात औषधकर्मशास्त्र. ही दोन्ही शास्त्रे गणिती समीकरणांत बांधून, निरनिराळ्या मात्रांचा परिणाम रुग्णास औषध देण्यापूर्वीच संगणकावर पडताळून पाहणे म्हणजे मॉडेलिंग व सिम्युलेशन होय. औषधनिर्मिती उद्योगात या विषयाचे रीतसर व्यावसायिक प्रशिक्षण दिले जाते. वैद्य व आयुर्वेदीय औषधविक्रेते यांनीही त्याची प्राथमिक ओळख करून घेणे आता आवश्यक झाले आहे, हे प्रस्तुत लेखात आम्हांस मांडावयाचे आहे.

विषयाची वाटचाल

ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९१० साली हिमोग्लोबिन व प्राणवायू यांच्या संयोगाचे समीकरण मांडले. मात्रा वाढत गेली की परिणाम आधी हळू, मग झपाट्याने वाढतो व शेवटी एका मर्यादेवर थांबतो, हे औषधकर्माचे चित्र आजही त्याच समीकरणाने रेखाटले जाते. स्वीडनचे टॉर्स्टन टेओरेल यांनी १९३७ साली शरीराची निरनिराळ्या कप्प्यांत विभागणी कल्पून औषधाच्या प्रवासाचे गणित दिले. ‘फार्माकोकायनेटिक्स’ हा शब्द जर्मन बालरोगतज्ज्ञ डोस्ट यांच्या १९५३ सालच्या ग्रंथाने रूढ केला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेत लुईस शायनर व स्टुअर्ट बील यांनी ‘नॉनमेम’ ही संगणकप्रणाली विकसित केली. प्रत्येक रुग्णाचे मोजकेच रक्तनमुने उपलब्ध असले तरी अनेक रुग्णांची माहिती एकत्र करून, वय, वजन, यकृत व वृक्क यांची स्थिती यांमुळे पडणारा फरक शोधून काढणे तिने शक्य केले.

आपणांस यात अपरिचित असे फारसे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वर्धमान पिप्पली रसायनाचा क्रम पाहावा. पहिल्या दिवशी १० पिप्पली, पुढे रोज १० ची वाढ करीत दहाव्या दिवशी १००, आणि तेथून त्याच क्रमाने रोज १० कमी. चढत्या क्रमाच्या ५५० व उतरत्या क्रमाच्या ४५०, अशा १९ दिवसांत एकूण १००० पिप्पली होतात. शिवाय बलवान, मध्यम व हीनबल रुग्णांसाठी रोजची वाढ अनुक्रमे १०, ६ व ३ अशी वेगळी सांगितली आहे. मात्रा काळानुसार बदलते आणि ती रुग्णाच्या बलानुसार ठरते, ही दोन्ही तत्त्वे येथे स्पष्ट आहेत. आचार्यांना आधुनिक समीकरणे ज्ञात होती, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु मात्रा, काल व बल यांचा एकत्रित विचार ज्या परंपरेत आहे, तिच्या अनुयायांस हे गणित परके वाटण्याचे कारण नाही.

पिप्पलीचा दुसरा पैलू

त्याच संहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचे अतिसेवन करू नये, असा स्पष्ट इशारा आहे. पिप्पली व मरिच यांतील पिपेरिन या घटकावरील आधुनिक संशोधनाने या इशाऱ्यास नवा संदर्भ दिला आहे. आतड्यात व यकृतात औषधांचे विघटन करणारे काही एन्झाइम आणि शोषलेले औषध पुन्हा आतड्यात ढकलणारे पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन, यांना पिपेरिन मंद करते. परिणामी काही औषधे रक्तात अधिक प्रमाणात व अधिक काळ राहतात.

याचा हितकारक उपयोगही झाला आहे. जम्मू येथील प्रयोगशाळेतील संशोधनाच्या आधारे २००९ साली भारतात क्षयरोगावरील एक संयुक्त औषध आले. त्यात रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम असून सोबत १० मिलिग्रॅम पिपेरिन आहे.

१९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला हळदीवरील अभ्यास तर सर्वांच्या परिचयाचा आहे. मनुष्यांत २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर कर्क्युमिनची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. हा आकडा आज अनेक वेष्टनांवर छापलेला दिसतो. मात्र त्याच अभ्यासात उंदरांमधील वाढ १५४ टक्के होती, आणि मनुष्यांत केवळ कर्क्युमिन दिले असता रक्तातील त्याचे प्रमाण नगण्यच होते. नगण्याची वीसपट झाली तरी मूळ राशी किती, हा प्रश्न उरतोच. आकडा ऐकल्यावर ‘कशाच्या तुलनेत?’ असे विचारण्याची सवय, हा या प्रशिक्षणाचा पहिला लाभ आहे.

एक उदाहरण

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींना सात दिवस रोज २० मिलिग्रॅम पिपेरिन देण्यात आले. त्यांच्यात थिओफिलिन या श्वासरोगावरील औषधाची रक्तातील पातळी वाढली व अर्धायुकाल लांबला. आता आपल्या चूर्णांचा हिशेब करू. मरिचात पिपेरिन सुमारे ५ टक्के धरले, तर १ ग्रॅम मरिचात ते ५० मिलिग्रॅम होते. ३ ग्रॅम त्रिकटूत १ ग्रॅम मरिच असते. पिप्पलीतील पिपेरिन आणखी वेगळे. म्हणजे त्रिकटूची नित्याची मात्राही त्या अभ्यासातील मात्रेहून अधिक भरते. चूर्णातील पिपेरिन शुद्ध पिपेरिनइतकेच शोषले जाईल असे नाही, हे खरे. तरीही दुर्लक्ष करावे इतकी ही मात्रा लहान नाही.

रक्तात याचे काय होऊ शकते, हे कागदावर मांडता येते. ६० किलो वजनाच्या रुग्णात थिओफिलिनचे वितरण-आकारमान सुमारे ३० लिटर व अर्धायुकाल ८ तास धरू. ३० ला ०.६९३ ने गुणून ८ ने भागले की क्लिअरन्स मिळतो, तो ताशी २.६ लिटर. दर ८ तासांनी २०० मिलिग्रॅम औषध पूर्णपणे शोषले गेले, तर २०० ला २.६ व ८ यांच्या गुणाकाराने भागून रक्तातील सरासरी पातळी दर लिटर ९.६ मिलिग्रॅम येते. या औषधाची इष्ट मर्यादा जुन्या ग्रंथांत १० ते २० होती. आता बहुधा ५ ते १५ मानतात. म्हणजे रुग्ण सुरक्षित आहे. आता क्लिअरन्स निम्मा झाला, असे केवळ उदाहरणादाखल समजू. पातळी १९.२ वर जाते. मळमळ, धडधड, निद्रानाश व त्याहून गंभीर लक्षणांचा प्रदेश सुरू होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. नव्या स्थिरावस्थेस पोहोचण्यास सुमारे पाच अर्धायुकाल लागतात. अर्धायुकाल ८ चा १६ तास झाला, तर हा अवधी ८० तासांचा होतो. चूर्ण सोमवारी सुरू केले, तर त्याचा पूर्ण परिणाम गुरुवारी दिसेल, आणि तोपर्यंत चूर्णाचा संशय कोणास येणार नाही. अपस्मारावरील फेनिटॉइनच्या बाबतीत दक्षता अधिकच हवी, कारण त्याचे विघटन एका मर्यादेनंतर कुंठित होते व थोड्या फरकाने पातळी एकदम वर जाते.

परिणाम नेहमी वाढीचाच असतो, असेही नाही. २००४ साली सशांवरील एका अभ्यासात त्रिकटूमुळे डायक्लोफेनॅकची रक्तातील पातळी उलट घटली. त्यामुळे ‘त्रिकटू योगवाही, म्हणून सर्वत्र उपकारक’ हे सूत्र डोळे मिटून वापरता येत नाही.

रक्तातील पातळी म्हणजे सर्वस्व नव्हे

येथे औषधकर्मशास्त्राची गरज भासते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. तिच्यातील रिसर्पीन मज्जातंतूंच्या टोकांतील संप्रेरकांचे साठे रिकामे करते. ते साठे पुन्हा भरण्यास वेळ लागतो, म्हणून औषध थांबविल्यावरही परिणाम कित्येक दिवस टिकतो. रक्त तपासून याचा अंदाज येणार नाही. औषध व परिणाम यांच्यातील हा विलंब समीकरणात आणणे, हेच संयुक्त प्रतिमानाचे काम.

प्रशिक्षण कसे असावे

आमच्या मते आरंभी संगणकाची गरज नाही. अर्धायुकाल, क्लिअरन्स, वितरण-आकारमान व स्थिरावस्था या चार संकल्पना कागदावर पक्क्या कराव्यात. वरील उदाहरण स्वतः सोडवून पाहावे. धूम्रपान करणाऱ्यात क्लिअरन्स वाढतो व यकृतविकारात घटतो, ते फरक त्यात घालावेत. दुसऱ्या टप्प्यात हेच गणित एक्सेलच्या तक्त्यात उतरवावे. तिसऱ्या टप्प्यात, ज्यांना संशोधनाची ओढ आहे त्यांनी, विनामूल्य मिळणाऱ्या ‘आर’ या संगणकभाषेत अनेक रुग्णांचे प्रतिमान रचण्यास शिकावे.

मर्यादाही ध्यानी ठेवाव्यात. आपल्या एका क्वाथात अनेक क्रियाशील घटक असतात. त्यांतील एखाद्या घटकाचा आलेख म्हणजे संपूर्ण कल्पाचा आलेख नव्हे. भूमी, ऋतू व साठवण यांनुसार द्रव्याचे वीर्य बदलते. प्रतिमान माहितीएवढेच विश्वसनीय असते.

तोपर्यंत दोन गोष्टी प्रत्येकाच्या हाती आहेत. वैद्यांनी केसपेपरवर रुग्णाच्या चालू ॲलोपॅथिक औषधांचे नाव, मात्रा व वेळ लिहावी आणि पिप्पली-मरिचयुक्त कल्प सुरू केल्याची तारीखही नोंदवावी. औषधालयचालकांनी त्रिकटू, सितोपलादी वा पिपेरिनयुक्त कॅप्सूल देताना फिट, दमा, रक्त पातळ करणारी गोळी यांविषयी एक प्रश्न विचारावा. ‘होय’ असे उत्तर आल्यास रुग्णास त्याच्या चिकित्सकाकडे पाठवावे; चालू गोळी परस्पर कमी वा बंद करण्यास सांगू नये. तारीख व मात्रा यांच्या नोंदींवाचून कोणतेही प्रतिमान उभे राहत नाही. अशा नोंदी आपल्या दवाखान्यांतून जमू लागल्या, तर आपल्या कल्पांचे प्रतिमान रचताना आधार म्हणून आपलाच अनुभव हाताशी असेल.