‘नुसती थिअरी’ म्हणजे काय?

जळगाव-धुळ्याकडे कॉलेजात थिअरीचा पेपर वेगळा, प्रॅक्टिकल वेगळं. त्यामुळेही असेल, पण ‘ही तर नुसती थिअरी’ म्हटलं की ऐकणाऱ्याला तो कुणाचा तरी अंदाज वाटतो. विज्ञानात अंदाजाला हायपोथिसिस (गृहीतक) म्हणतात: पडताळून पाहता येईल अशी अटकळ. थिअरी (सिद्धान्त) म्हणजे अनेक पडताळण्यांतून तगलेलं, पुष्कळ गोष्टींचा एकत्र उलगडा करणारं स्पष्टीकरण.

रावेर-यावलच्या बागेत केळीच्या पानावर ठिपके दिसले की शेतकरी म्हणतो, ‘करपा असावा.’ ही अटकळ. करपा बुरशीमुळे येतो, दमट हवेत फैलावतो, हे बागोबाग पडताळलेलं ज्ञान थिअरीच्या जातीचं.

धुळे जिल्ह्यात शेताशिवारांतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. ते डाइक (भेगेत थिजलेल्या शिलारसाचे खडक). हे खरं असेल, तर गार खडकाला टेकलेला कडेचा रस झटकन थिजून तिथले कण बारीक असायला हवेत आणि मधले जाडसर. दगड फोडून भिंगाखाली धरला की बहुधा तसंच आढळतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनचं पठार घडलं, हा सिद्धान्त अशाच असंख्य निरीक्षणांवर उभा आहे.

थिअरीला बढती मिळून तिचा ‘लॉ’ (नियम) होतो, हाही गैरसमजच. नियम काय घडतं ते सांगतो. थिअरी का घडतं ते. दाब वाढला की वायूचं आकारमान घटतं, हा बॉइलचा नियम १६६२ सालचा. त्याचं कारण सांगणारा वायूंचा गतिज सिद्धान्त नीट आकाराला आला तो थेट एकोणिसाव्या शतकात.