घोंगडी ऊब देते का?

बर्फाचे दोन सारखे तुकडे घेतले. एक उघडा ठेवला, दुसरा लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळला. आधी कोणता वितळेल? हा प्रश्न आपण वर्गात विचारला, तर बरीच मुले ‘मफलरमधला’ असे म्हणतील. लोकर ऊब देते, हा त्यांचा रोजचा अनुभव असतो. उत्तर लगेच न सांगता अंदाज फळ्यावर लिहून घ्यावेत आणि प्रयोग करावा. लोकर भिजू नये म्हणून दोन्ही तुकडे आधी प्लास्टिकच्या पिशव्यांत घालावेत. अर्ध्या तासाने पाहिले, तर उघडा तुकडा जास्त वितळलेला आढळतो.

म्हणजे मफलर किंवा घोंगडी उष्णता देत नाही, फक्त अडवते. थंडीत आपल्या शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तर बर्फाच्या बाबतीत बाहेरची आत येऊ देत नाही.

ही अडवणूक मुख्यतः लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा करते. स्थिर हवा उष्णतेची फारच दुर्वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २४ पट, तर तांबे सुमारे १६,००० पट उष्णता वाहून नेते. मात्र मोकळी हवा तापली की वर जाते आणि अभिसरणाने उष्णता पसरवते. म्हणून तिला बारीक बारीक पोकळ्यांत कोंडावे लागते. लोकर, कापूस, पेंढा, लाकडाचा भुसा हे सारे तेच करतात. थर्मोकोलमध्ये तर सुमारे ९८ टक्के हवाच असते. घोंगडी भिजली की हवेची जागा पाणी घेते आणि ऊब जाते.

१८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाजाने १८० टन बर्फ कलकत्त्याला निघाला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. बर्फाभोवती भुशासारख्या साध्या वस्तूच भरलेल्या होत्या!

आता आपल्याच शाळेकडे पाहू. पत्र्याच्या छपराखाली एप्रिलमध्ये मुले उकडून निघतात. पत्र्याखाली थोडी जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत केले, तर तापलेल्या पत्र्याचे प्रारण थेट डोक्यावर येत नाही. शिवाय मधली हवा वरून तापत असल्याने गरम हवा वरच राहते आणि अभिसरण फारसे होत नाही. थर्मोकोलही चालेल, पण ते चटकन पेट घेते, म्हणून वर्गात टाळलेलेच बरे.

छत करण्यापूर्वी आणि केल्यानंतर वर्गातले दुपारचे तापमान रोज एकाच वेळी, एकाच जागी मुलांकडून नोंदवून घ्यावे. सावलीतले बाहेरचे तापमानही सोबत लिहावे. छताचा उपयोग किती झाला, ते मुलांनाच ठरवता येईल.