आंब्यावरची वंदा : प्रत्येक बांडगूळ बांडगूळ नसतं

पिंपळगाव राजाहून मी पुन्हा तुमच्या भेटीला. आजचा विषय आंब्यावरचा, पण कैरीचा नाही.

बांधावरचा जुना आंबा छाटायला घेतला की आमच्याकडं हमखास ऐकू येतं, "बांडगूळ हाय, टाका तोडून!" आता थांबा. पानं जाड, लांबट, पट्ट्यांसारखी असतील, तर ती वंदा असू शकते. चक्क ऑर्किड! शास्त्रीय नाव वँडा टेसेलाटा.

ऑर्किड म्हटलं की आपल्याला सह्याद्रीतला पाऊस आठवतो. ही मात्र कोरड्या, पानगळीच्या रानातही राहते. मेळघाटातही आहे. विदर्भातला मे महिना डोळ्यांपुढे आणा. त्यात मातीशिवाय जगायचं कसं?

तर मुळांवर. तिची जाडजूड मुळं हवेत लोंबतात, सालीला बिलगतात. त्यांच्यावर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं अस्तर असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं. सर आली की पाणी टिपून घेतं आणि मूळ बघता बघता हिरवं होतं, कारण आतला हिरवा थर दिसू लागतो. पानांची छिद्रं ती रात्री उघडते, दिवसा पाणी राखते. निवडुंगाचीच युक्ती ही.

बांडगुळाचं तसं नाही. ते फांदीत घुसून झाडाचंच पाणी ओढतं, जोडाशी गाठ दिसते. वंदा झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. गंमत म्हणजे संस्कृतात 'वंदा' हा शब्द बांडगुळासारख्या वनस्पतींनाच वापरतात, आणि तोच जगभर या ऑर्किडांना चिकटला! 'टेसेलाटा' म्हणजे चौकटींची नक्षी. पिवळट-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधे निळी-जांभळी जीभ, आणि वास छान.

तोडली तर काय बिघडलं? बी धुळीसारखं बारीक, त्यात शिदोरी काहीच नाही. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, मग फुलावर यायला काही वर्षं. शिवाय काही ठिकाणी तिची मुळं 'रास्ना' म्हणून औषधात जातात, तो मार वेगळाच.

झाड पडणारच असेल तर मुळांसकट अलगद सोडवा आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या आंब्याच्या खरबरीत सालीवर काथ्यानं बांधा. कुंडीत मातीत मात्र पुरू नका, मुळं कुजतात.