चिखलातला ताप आणि जिवाणूची खूण

तेरेखोलच्या काठी आरोंद्यात लावणी सुरू झाली की सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, हातापायांना चरे पडतात. काही दिवसांनी अंग मोडून येते, ताप चढतो. कामाचा शीण म्हणून एक गोळी घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेत गाठले जाते. पण हा ताप लेप्टोचाही असू शकतो.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा बारीक जिवाणू उंदीर, गुरे, कुत्री, डुकरे यांच्या मूत्रपिंडात राहतो. त्यांच्या लघवीवाटे तो साचलेल्या पाण्यात येतो आणि चिखल्यांतून, जखमांतून किंवा डोळ्यांतून आपल्या शरीरात शिरतो. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो.

एवढ्याशा जिवाणूला माणसाला आजारी पाडण्याचे बळ कोठून मिळते? त्याचा एक धागा त्याच्या जनुकांवरच्या खुणांपर्यंत जातो. या खुणा समजून घेऊ.

जिवाणूंनाही शत्रू असतात. फेज नावाचे विषाणू जिवाणूत आपला डीएनए घुसवतात. तो तोडण्यासाठी अनेक जिवाणूंकडे कात्रीसारखी विकरे असतात. पण कात्रीला आपले आणि परके कसे कळणार? त्यासाठी दुसरे विकर जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइलची खूण करते. पल्स पोलिओत डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीला शाई लावतात, तसेच हे. खूण असेल तर सोडायचे, नसेल तर कापायचे. या कात्र्यांच्या शोधासाठी आर्बर, नॅथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चे नोबेल मिळाले. याच कात्र्यांमुळे मधुमेहींचे मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेता आले.

खरी गंमत पुढे आहे. कात्री आणि खूण यांची जनुके एखाद्या नव्या जिवाणूत शिरतात, तेव्हा त्याच्या डीएनएवर एकही खूण नसते. कात्री आधी तयार झाली तर जिवाणू स्वतःलाच कापून मरेल. म्हणून खूण करणारे विकर लगेच बनू लागते आणि कात्रीचे जनुक मागे राहते. प्रोटियससारख्या काही जिवाणूंत हे काम एक नियंत्रक प्रथिन करते. सुरुवातीला ते अगदी थोडे असते. हळूहळू साठले की ते स्वतःचे आणि कात्रीचे जनुक जोराने चालू करते. तोवर सगळीकडे खुणा झालेल्या असतात. प्रथिन फार वाढले की ते स्वतःचेच जनुक आवरते, म्हणजे कात्रीही हाताबाहेर जात नाही. आधी संरक्षण, मग हत्यार!

काही जिवाणूंत अशा खुणांचे आणखी एक काम असते: कोणते जनुक किती चालावे, हे ठरवणे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०२० साली लेप्टोत हेच दाखवले. सी-टी-ए-जी या चार अक्षरांच्या जागी खूण करणारे विकर काढून टाकल्यावर अनेक जनुकांचा ताळ बिघडला. जिवाणूची वाढ आणि चिकटण्याची ताकद घटली, आणि प्रयोगातील प्राण्यांना तो गंभीर आजारी पाडू शकला नाही. उद्या या विकरावर घाव घालणारे औषध निघू शकेल. आज मात्र ते नाही.

आज हातात आहे ते वेळेवरचे उपचार. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. "मी चिखलात काम केले आहे" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. सुरुवातीलाच प्रतिजैविक मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त दिसले तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

शेतात उतरण्याआधी जखमा झाका, गमबूट घाला. परतल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. धोक्याच्या काळात आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सीसायक्लिनची गोळी आशाताई किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्या. गर्भवती आणि लहान मुलांना ती चालत नाही.

हा आजार दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर राबणाऱ्या बाईलाही गाठतो. एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून ती ताप अंगावर काढते. गमबूट देणे ही शेतमालकाची जबाबदारी आहे आणि तापाच्या दिवशी सुटी मागणे हा तिचा हक्क आहे. एक जिवाणूसुद्धा आधी स्वतःला जपतो आणि मग कात्री उचलतो. आपण तर माणसे आहोत.